किनेथ्रिथ राणीची पेनी ओळखताना या चुका टाळा

मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा (इ.स. ७५७ ते ७९६) याच्या हयातीतच त्याची राणी किनेथ्रिथ हिच्या नावाने चांदीच्या पेनी पाडल्या गेल्या. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याही राणीच्या नावाचं नाणं आजवर सापडलेलं नाही. त्यामुळे या पेनीचं मोल मोठं आणि तिच्याबद्दलचे घोळही पुष्कळ.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नाव वाचताना. मुखवट्याच्या बाजूला ‘इओबा’ अशी अक्षरं दिसतात आणि चेहरा त्याचाच असणार असं वाटतं. इओबा हा कँटरबरीच्या टांकसाळीत नाणी पाडणारा अधिकारी. राणीचं नाव पाहायला नाणं उलटावं लागतं. मधोमध मोठा ‘एम’, म्हणजे बहुधा मर्सियाच्या लोकांची खूण, आणि त्याभोवती कडेने ‘किनेथ्रिथ रेजिना’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘राणी किनेथ्रिथ’. तिच्या नावातला ‘थ’ आडवी रेघ मारलेल्या ‘डी’सारखा कोरलेला असतो. ती रेघ झिजली की वाचणारा सरळ ‘ड’ वाचतो आणि नाव ओळखूच येत नाही. मुखवटा नसलेल्या पेनीही आहेत. चेहरा दिसत नाही म्हणून नाणं बाजूला टाकू नका. उलट, कुरळे केस दिसले की राणीच, असंही धरू नका. ऑफाच्या नाण्यांवरही केसांच्या अशाच नीट वळवलेल्या बटा आहेत.

दुसरी चूक काळाची. पेनीवर साल नसतं. ऑफाच्या कारकिर्दीत ७९२-९३च्या सुमारास नाणी अधिक रुंद आणि जड झाली. राणीची सगळी नाणी त्याआधीच्या हलक्या प्रकारातली. म्हणजे ती ऑफाच्या मृत्यूनंतरची असूच शकत नाहीत, आणि नाण्यावर नाव आहे म्हणून राणी एकटी राज्य करत होती, असंही सिद्ध होत नाही. विधवा झाल्यावर ती कुकहमच्या मठाची प्रमुख झाली. ७९८ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपशी त्याच मठावरून चाललेला तिचा वाद मिटला.

या पेनीत बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन सम्राज्ञी आयरीनच्या नाण्यांची नक्कल केली, असं अनेकदा ठामपणे लिहिलं जातं. आयरीन एकटी गादीवर आली ती ७९७ मध्ये, त्यामुळे त्या काळातली तिची नाणी नमुना असणं शक्य नाही. मुलासोबतच्या तिच्या आधीच्या नाण्यांचा प्रभाव पडला असेल. पण जुन्या रोमन सम्राज्ञींची नाणी हाही तेवढाच पटण्याजोगा नमुना आहे. मला तरी दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते.

आणि कृपा करून अशी पेनी उजळवायला जाऊ नका. घरच्या चांदीच्या भांड्यांना चालते ती रांगोळी किंवा टूथपेस्ट इथे नको. सव्वा ग्रॅमच्या आसपासचा हा पातळ पत्रा. घासला की आधी अक्षरांच्या कडा जातात, आणि इओबा की किनेथ्रिथ हे त्या कडांवरूनच वाचायचं असतं.