मुंबईतला पहिला पावसाळा : पिंपावर नजर ठेवा, ताप उतरला तरी सावध राहा

गावाकडून नुकत्याच आलेल्या, खोलीवर किंवा कॉट बेसिसवर (म्हणजे फक्त खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन) राहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मी साताऱ्याकडचा, लालबागला गावच्या खोलीवर राहून इथे रुळलो. जागा, खानावळ, लोकलचा पास याबद्दल कोणीतरी सांगतंच. डेंग्यूचं मात्र कोणी बोलत नाही, आणि पावसाळ्यात खोलीतला एखादा तापाने आडवा झाला की सगळ्यांची धावपळ होते.

डास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गटार, उकिरडा आणि रात्र येते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वेगळा. रंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि अंधार पडायच्या आधी जास्त. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांनी म्हणूनच दिवसाही मच्छरदाणी लावावी. चावते ती मादी, आणि एकाजवळ पोट भरलं नाही की ती शेजारच्याकडे वळते. एकाच खोलीत दोघं-तिघं पाठोपाठ पडतात ते यामुळे.

आता मोरीतलं पिंप. पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे साठवण्यावाचून गत्यंतर नाही. पण होतं असं, की वरचं वापरायचं आणि उरलेल्यावरच नवीन भरायचं. तळाचं पाणी आठवडा आठवडा हलत नाही, आणि अंड्यापासून डास व्हायला तेवढाच वेळ पुरतो. एकदा पिंपात मोबाईलची बॅटरी मारून पाहा. बारीक अळ्या पाण्याच्या वरच्या थराला उलट्या लटकलेल्या असतात, उजेड पडला की वळवळत तळ गाठतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा, पिंप रिकामं करा, काथ्याने आतून खसाखसा घासा, वाळवा, मग भरा. वर घट्ट झाकण, नाहीतर कापड बांधा. खोलीत पाळी लावलीत तर कोणाला जड जात नाही.

फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, पत्र्यावरच्या ताडपत्रीत झालेला खळगा, ती उडू नये म्हणून ठेवलेले टायर, हेही बघा. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं तपासायला आली तर दारातून परत पाठवू नका. धूर फवारल्याने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात.

डास चावल्यावर साधारण 4 ते 10 दिवसांत एकदम जोराचा ताप येतो. डोळ्यांच्या मागे ठणकतं, अंग मोडून येतं, कधी पुरळ उठतं. पहिल्या दोन दिवसांतच पालिकेच्या दवाखान्यात जा. डेंग्यू आहे का ते पाहायला पहिल्या 5 दिवसांत एनएस1 ही रक्ताची तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम ही. मलेरियाचीही करून घ्या, लक्षणं सारखीच वाटतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. मेडिकलमधून अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, अंगदुखीचं इंजेक्शन मागू नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूच्या विषाणूवर खास औषध नाही, त्यामुळे ओआरएस, पेज, ताक, शहाळं असं काही ना काही पोटात जात राहायला हवं. आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावणार नाही.

सगळ्यात जिवाला लागतं ते पुढचं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, पोरगा म्हणतो, ‘आता बरं वाटतंय, गावी जाऊन आराम करतो,’ आणि रात्रीची गाडी धरतो. नेमके तेच 24 ते 48 तास धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब कोसळू शकतो, आणि माणूस घाटात बसमध्ये बसलेला असतो. तेव्हा कोणी गावी जाऊ नका, आई फोनवर कितीही ‘ये’ म्हणाली तरी. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, दम लागणं, गळून जाणं किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता केईएम, सायन, नायर, कस्तुरबा, जे जवळ असेल ते गाठा. खोलीत सगळे पेशींचा (रक्तातल्या प्लेटलेट्सचा) आकडा विचारत बसतात. त्याच्याइतकंच या खुणांकडे लक्ष हवं. पपईच्या पानांचा रस पाजत घरी बसून वेळ घालवू नका.

एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका. विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि पुन्हा ताप आला तर डॉक्टरांना आधी ते दाखवा.