स्टिक पूर्ण मागे येत नव्हती: दोष सीटच्या गादीत निघाला

गोव्यात दाबोळीला एका दोन आसनी विमानाची स्टिक (पायलटच्या हातातला, विमान नियंत्रित करायचा दांडा) मागे-डावीकडे ओढली की स्टॉपच्या, म्हणजे हालचालीची हद्द ठरवणाऱ्या अडथळ्याच्या, जरा आधीच मऊपणे अडायची. तेही पायलट बसल्यावरच. रिकाम्या सीटवर सगळं ठीक. केबलचं टेन्शन तपासलं, बिजागऱ्यांना तेल दिलं, एलेव्हेटरचा (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीचा) स्टॉप बोल्ट मोजला. वैताग आला.

शेवटी तपासणीच माणूस बसवून केली. सीट सर्वांत पुढे आणि वर. चांगला वजनदार माणूस बसवला (हँगरमध्ये स्वयंसेवकांची वाण नव्हती), पट्टा आवळला. स्टिक सावकाश चारही कोपऱ्यांत पूर्ण फिरवली. बाहेरचा सहकारी एलेव्हेटर आणि एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) स्टॉपला टेकतात का ते ओरडून सांगत होता. जिथे अडलं तिथे गादी आणि स्टिक यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली. पट्टी घट्ट धरली गेली.

गादीखालच्या वेल्क्रोचा गोंद पावसाळी दमटपणाने सुटला होता. वजन पडताच गादी पुढे सरकून तिची शिवण स्टिकला भिडत होती. जुना गोंद खरवडून, मॅन्युअलमधल्या पद्धतीने वेल्क्रो नव्याने बसवला. मग सीट मागच्या टोकाला नेऊन आणि दुसऱ्या सीटवरही हीच तपासणी केली. लॉगबुकात नोंद, परवानाधारक अभियंत्याची सही, मगच उड्डाण.