पक्षाघातानंतरचे स्व-व्यवस्थापन शिकू पाहणाऱ्या नव्या थेरपिस्टसाठी

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी किंवा नर्सिंग अशा कोणत्याही वाटेने पक्षाघाताच्या रुग्णांपर्यंत पोहोचलेल्या आणि आता स्व-व्यवस्थापनाला, म्हणजे रुग्णाने आजारासह आपले रोजचे जगणे स्वतः सांभाळण्याला, साहाय्य करण्याचे प्रशिक्षण घ्यावे की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे लिहीत आहे. मेंदूचा कोणता भाग बाधित झाला की काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालते. मलाही ते ठाऊक होते, आणि तरीही पहिली दोन वर्षे मी हे काम चुकीच्या पद्धतीने करीत होते.

व्यायामाच्या चित्रांचा कागद हातात द्यायचा, रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका असे नातेवाइकांना बजावायचे आणि फाइलमध्ये ‘समुपदेशन केले’ असे लिहायचे, यालाच मी स्व-व्यवस्थापन समजत होते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हा समज गेला. खरा सापळा मात्र त्यानंतर लागला, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

‘ध्येय रुग्णाने ठरवायचे असते’ हे वाक्य मी पाठ केले होते. उजवी बाजू लुळी पडलेले एक काका ओपीडीत येत असत. त्यांना मी विचारले, “काका, तुम्हाला काय साध्य करायचे आहे?” ते म्हणाले, “बरे व्हायचे आहे.” मी मान डोलावली आणि त्यांच्या नावे लिहिले : काठीच्या आधाराने दहा मीटर चालणे. तीन आठवड्यांत ते ओपीडीत दहा मीटर व्यवस्थित चालू लागले, आणि घरी मात्र दिवसभर खुर्चीतच बसून राहिले. घरच्यांनी त्यांना आळशी ठरवले आणि मीही मनातल्या मनात तेच म्हटले, हे कबूल केले पाहिजे.

प्रशिक्षणाच्या दोन सत्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर होते आणि त्या काळात रुग्णाच्या संमतीने एका भेटीचे ध्वनिमुद्रण करून स्वतः ऐकायचे होते. मी याच काकांच्या भेटीचे केले. चाळीस मिनिटांत काका जेमतेम चार मिनिटे बोलले होते. मी प्रश्न विचारीत होते आणि दोन-तीन सेकंदांत त्याचे उत्तरही मीच देत होते. जे माझ्या तावडीतून सुटत होते, त्याचे उत्तर त्यांचा मुलगा देत होता. काकांनी “पण संडासला...” असे सुरू केलेले वाक्य मी “हो, कमोडची खुर्ची घेऊया” म्हणून संपवले होते. ऐकताना मला अक्षरशः लाज वाटली.

पुढच्या भेटीत मी तोच विषय काढला आणि गप्प बसले. मनातल्या मनात दहापर्यंत मोजले. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “आतून कडी लावता आली पाहिजे.” सून आणि नात घरात असताना दार उघडे ठेवून बसावे लागते, म्हणून ते दिवसभर पाणी कमी पीत होते आणि खुर्चीतून उठणेच टाळत होते. कडी खांद्याच्या उंचीवर होती. ती लावायला डावा हात वर नेला की काठी सुटत होती आणि तोल जात होता. “कडी खाली घेतली तर?” हे त्यांनीच सुचवले. सुताराने ती कंबरेच्या उंचीवर, पण गरज पडल्यास बाहेरून उघडता येईल अशी बसवली. माझ्या दहा मीटरचा उपयोग त्यानंतर झाला.

अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली ‘आपल्याला हे जमेल’ या विश्वासाची उपपत्ती तुम्हाला शिकवतीलच. त्यात या विश्वासाचा सर्वांत बळकट स्रोत म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. इतरांनी दिलेला धीर त्याच्या बराच मागे येतो. आपण मात्र ‘छान, शाब्बास’ म्हणण्यातच सगळी शक्ती घालवतो. लंडनमध्ये फिओना जोन्स यांनी विकसित केलेल्या ‘ब्रिजेस’ पद्धतीत रुग्णाच्या हाती एक वही असते. तीत पक्षाघात झालेल्या इतरांचे अनुभव असतात आणि आपली छोटी उद्दिष्टे व जमलेल्या गोष्टी रुग्ण स्वतः नोंदवतो. वही तुमच्या हाताने भरू नका. हा मोह फार होतो.

आपल्याकडे आणखी एक पळवाट आहे : नातेवाइकांना शिकवले की झाले. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत घरातील व्यक्तीला पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले होते. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण असे प्रशिक्षण मिळालेल्या आणि फक्त नेहमीची सेवा मिळालेल्या अशा दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, निघाले. घरच्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही; आपले काम त्यांच्या गळ्यात मारून मोकळे होता येत नाही, एवढेच म्हणते.

दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळांविषयी माझे मत वाईट आहे. मार्गदर्शक निवडताना नावाजलेली व्यक्ती शोधू नका. तुमच्या सत्रात कोपऱ्यात बसून नंतर तोंडावर चुका सांगेल अशी व्यक्ती शोधा. मला तशी एक ज्येष्ठ परिचारिका लाभली, कोणी प्राध्यापक नव्हे.

वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणे किंवा समजणे अवघड होणे) असलेल्या रुग्णाला ‘त्याला सांगता येत नाही’ म्हणून वगळू नका. चित्रे, हो-नाहीचे प्रश्न आणि दुप्पट वेळ द्या. ज्याला आपली डावी बाजू दुबळी आहे याचे भानच नाही, त्याच्या बाबतीत मात्र निर्णय त्याच्यावर सोडून मोकळे होऊ नका. तिथे पडण्याचा धोका खरा असतो. सतत उदास असलेल्या रुग्णाला आधी डॉक्टरांकडे पाठवा, उद्दिष्टे नंतर पाहता येतील.

सुरुवातीला सत्रे लांबतील, वरिष्ठ कुरकुर करतील आणि आपण काहीच ‘करत’ नाही असे वाटेल. तसे सगळ्यांनाच वाटते, त्यामुळे घाबरू नका. मी अजूनही दर तीन महिन्यांनी एका सत्राचे ध्वनिमुद्रण ऐकते. गेल्या वेळच्या मुद्रणात मी रुग्णाचे वाक्य दोनदा पूर्ण केले होते.