कडधान्यात सोडा नको, भाताची पेज फेकू नका

छोले लवकर शिजावेत म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची सवय अनेक घरांत असते. त्यात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, मार खातं. ते आम्लात बऱ्यापैकी टिकतं. सोड्यासारख्या अल्कात, त्यात उष्णता लागली की, झपाट्याने नष्ट होतं. छोले रात्रभर, ८–१० तास भिजवा आणि कुकरला लावा. सोड्याची गरजच पडत नाही.

तांदळाचं दुखणं वेगळं. थायमिन मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असतं, पॉलिशमध्ये ते निघून जातं. उरलेलं पाण्यात विरघळतं. म्हणून तांदूळ चोळून चार-पाच पाण्यांनी धुऊ नका, एक-दोनदा हलक्या हाताने पुरे. भात बेताच्या पाण्यात शिजवा. वेळून केलात तर ती पेज आमटीत घाला किंवा मीठ घालून प्या. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ इथे सरस: भात सालासकट उकडताना थायमिन दाण्याच्या आत मुरतं, मग ते पॉलिशने तितकंसं जात नाही.

प्रौढाला रोज साधारण १.२ ते १.४ मिलिग्रॅम लागतं आणि शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. डाळी, शेंगदाणे, तीळ यांतून ते मिळतं. जेवणासोबतचा चहा मात्र टाळा, त्यातलं टॅनिन आडवं येतं.

रोज दारू पिणाऱ्या माणसाचा तोल जाऊ लागला, डोळे विचित्र हलू लागले किंवा तो बरळू लागला, तर ती थायमिनच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात; ‘चढली असेल’ म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि सलाईन लावण्याआधी दारूची सवय डॉक्टरांना सांगा. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूची इजा वाढू शकते.