मिरजेत नर्सिंग शिकताना पैसे पुरवायचे तर

सांगली-मिरजेत नर्सिंगला आलेल्या मुलींनो, पहिल्याच आठवड्यात एसटीचा विद्यार्थी मासिक पास काढा. दहा दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास होतो. महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहेच, पण रोज ये-जा करणारीला पासच परवडतो. त्यासाठी कॉलेजचा बोनाफाईड दाखला लागतो, तो घेताना दोन-तीन प्रती जास्तच मागून घ्या.

दुसरं काम महाडीबीटीचं, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी संकेतस्थळाचं. वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचे निकष नक्की वाचा. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार खात्याला जोडलंय ना, हे विचारा. माझे पैसे याच एका कारणाने कितीतरी महिने अडकले आणि तेवढे दिवस मेसचं बिल उधारीवर गेलं. मेसवालीसमोर रोज मान खाली घालून ताट घ्यायला लागायचं. ते तुमच्यावर येऊ नये असं मनापासून वाटतं. उत्पन्नाचा दाखलाही गावाहून निघतानाच आणा.

खाण्याचं म्हणाल तर घरून शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि गूळ आणा. नाइट ड्युटीला डब्यात भडंग न्या, म्हणजे पहाटे कॅन्टीनकडे पाय वळत नाहीत.

पुस्तकं सीनियरकडून घ्या. युनिफॉर्म मात्र जुना नको, दोन नवे शिवा आणि रोज रात्री धुऊन नीळ द्या. बुटात तर अजिबात काटकसर करू नका, आठ तास उभं राहायचं असतं.