घरची भाजी: बियांची पाकिटं सगळ्यात शेवटी

भाजी लावायची ठरली की बहुतेकजण आधी बियांची पाकिटं आणतात आणि मग कुंड्या कुठे ठेवायच्या ते शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. पहिलं काम म्हणजे ऊन मोजणं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी गच्चीत, बाल्कनीत किंवा अंगणात डोकावा आणि कुठल्या कोपऱ्यात किती वेळ थेट ऊन पडतं ते टिपून ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी यांना रोज किमान 6 तास ऊन लागतं, 8 मिळालं तर उत्तमच. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांचं 3-4 तासांतही भागतं. उन्हाची कमतरता खताने भरून निघत नाही. तेव्हा सावलीच्या बाल्कनीत टोमॅटोचा हट्ट नको, पालक लावा आणि सुखी राहा.

कुंडी आणि माती

पालेभाज्यांना 15-20 सेंटिमीटर खोली पुरते. टोमॅटो-वांग्याला किमान 30 सेंटिमीटर खोल, 15-20 लिटरची कुंडी हवी. जुना टब, बादली काहीही चालेल, फक्त तळाला भोकं पाडा. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा टाकला की झालं.

कुंडीत नुसती बागेतली माती भरली तर काही दिवसांत तिची वीट होते. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), हे मिश्रण बहुतेक भाज्यांना मानवतं. ते थोडं ओलं करून मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, आणि बोटाने टोकरल्यावर तो सहज फुटायला हवा. गोळाच होत नसेल तर कंपोस्ट वाढवा, फुटत नसेल तर कोकोपीट. कच्चं शेण किंवा न कुजलेला ओला कचरा मात्र थेट कुंडीत घालू नका, कुजताना त्याची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही.

पेरणी

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं, त्याहून खाली नाही. मुळा, गाजर यांचं बी जिथे वाढवायचं तिथेच टाका. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मुळं वेडीवाकडी होतात. टोमॅटो, मिरची, वांग्याची मात्र आधी रोपं करायची आणि चार-पाच खरी पानं (बीतून निघणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की संध्याकाळी हलवायची, म्हणजे रोपाला सावरायला रात्र मिळते. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोडासकट खोल पुरा. त्याच्या खोडालाही मुळं फुटतात, झाड भक्कम होतं.

पाणी

घरच्या बागेत तहानेने मरणाऱ्या झाडांपेक्षा लाडाने मरणारी जास्त असावीत, असा माझा दाट संशय आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात. मग ती पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड वरून सुकल्यासारखं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो! म्हणून घड्याळ बघून पाणी देऊ नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. खाली ओल लागली तर आज सुट्टी. कोरडं लागलं तर तळातून पाणी निथळेपर्यंत सावकाश द्या. रोज कपभर शिंपडण्याने वरचाच थर भिजतो आणि मुळं वरच घुटमळतात. दुपारच्या उन्हात मान टाकलेली पानं संध्याकाळी आपोआप सावरली तर काळजी नाही. सकाळीही ती तशीच लोंबत असतील तर लगेच माती तपासा. वर 4-5 सेंटिमीटर वाळक्या पाल्याचं आच्छादन घातलं, खोडापासून थोडं लांब ठेवून, तर पाण्याची फेरी बरीच कमी होते.

टोमॅटोचं बूड काळं पडून सडतं, त्याचं कारणही बहुधा हेच. फळाला कॅल्शियम पोचत नाही, आणि ते न पोचण्यामागे अनेकदा एकदा दुष्काळ, एकदा पूर असं पाणी असतं.

फुलं येतात, फळ धरत नाही

झाड हिरवंगार, पण फळाचा पत्ता नाही? खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं असेल, खत थांबवा. भोपळा आणि काकडीत नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळीच नर फुल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा.

मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आधी दोन-चार पानांवर करून बघा.

तोडणीत कंजूषी नको. भेंडी फूल गळल्यावर चार-पाच दिवसांतच काढा, नाहीतर दोरे धरतात. झाडावर जून फळ राहिलं की नवी फुलं कमी येतात. पालकाची बाहेरची पानं खुडत राहिलात तर आतून नवी येत राहतात. आणि टोमॅटो उपटल्यावर त्याच मातीत लगेच वांगं किंवा मिरची लावू नका, तिघं एकाच कुळातली आहेत. मधे एखादी शेंगभाजी घ्या.