पित्ताशयात खडे आहेत, पण त्रास नाही: पुढे काय करावे

कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत किंवा मूतखड्याच्या संशयावरून केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे असल्याचे अचानक कळते, आणि तोपर्यंत ठणठणीत असलेला माणूस त्या दिवसापासून स्वतःला रुग्ण समजू लागतो. घरातले कोणी ताबडतोब शस्त्रक्रिया उरकून घ्या म्हणतात, तर कोणी खडे विरघळवणारा काढा आणून देतात. बहुतेकांना या दोन्हींची गरज नसते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील १२३ जणांच्या मूक, म्हणजे त्रास न देणाऱ्या, खड्यांचा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५ वर्षांत सुमारे १० टक्के आणि १५ वर्षांत सुमारे १८ टक्के लोकांनाच खड्यांची कळ आली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात की पित्ताशय आणि पित्तनलिका निरोगी असतील आणि लक्षणे नसतील, तर उपचार करू नयेत.

मात्र ‘काही करायचे नाही’ हा निर्णयही तपासून घ्यावा लागतो, आणि त्याची सुरुवात अहवाल नीट वाचण्यापासून होते. सोनोग्राफी किमान सहा तास उपाशीपोटी केलेली असावी, कारण खाल्ल्यानंतर पित्ताशय आकुंचन पावते आणि नीट दिसत नाही. अहवालातील ‘मल्टिपल कॅल्क्युलाय’ (अनेक खडे) हे शब्द वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात खडे एक आहेत की दहा, यावर फारसे काही ठरत नाही. त्याऐवजी पित्ताशयाच्या भिंतीची जाडी ३ मिलिमीटरच्या आत आहे का, भिंतीत कॅल्शियम साचले आहे का, सोबत पॉलिप (आतल्या भिंतीवरची लहान गाठ) आहे का, सर्वांत मोठा खडा केवढा आहे आणि मुख्य पित्तनलिका फुगलेली आहे का, हे पाहावे. यकृताची रक्त तपासणी (बिलिरुबिन, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज) एकदा करून घ्यावी. नलिकेत खडा असेल तर मात्र लक्षणे नसतानाही उपचाराबद्दल पोटविकारतज्ज्ञांशी बोलावे, कारण तिथला खडा कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह घडवू शकतो.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: त्रास खरोखरच नाही ना, आणि जो आहे तो खड्यांचाच आहे का? खड्यांची कळ ओळखता येते. ती उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मध्यभागी येते, वाढत जाऊन एका पातळीवर टिकते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत राहते, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते, आणि बऱ्याचदा तेलकट जेवणानंतर किंवा मध्यरात्री झोपेतून उठवते. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन ती थांबत नाही. याउलट छातीत जळजळ, आंबट ढेकर, जेवल्यावर पोट फुगणे, गॅस हे त्रास जठराचे आणि आतड्यांचे असतात. लोकलच्या वेळा सांभाळत उभ्या उभ्या वडापाव आणि चहावर दुपार काढणाऱ्या मुंबईकराला आम्लपित्त असणे आणि त्याच्याच पित्ताशयात मूक खडे असणे, या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात. हा फरक न करता पित्ताशय काढले, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही जळजळ तशीच राहते आणि रुग्ण निराश होतो.

लक्षणे नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करावा असे मोजके प्रसंग आहेत. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, खड्यांसोबत १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप आणि भिंतीत साचलेले कॅल्शियम यांमध्ये कर्करोगाची शक्यता लक्षात घ्यावी लागते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांबाबतही निर्णय वेगळा असू शकतो. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पश्चिम भारतापेक्षा बराच जास्त आढळतो. म्हणून ज्यांचे मूळ घर तिकडचे आहे किंवा ज्यांच्या घरात हा आजार झाला आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. केवळ मधुमेह आहे म्हणून आधीच पित्ताशय काढण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई, तो आता सरसकट दिला जात नाही.

दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया मुंबईला नवी नाही. भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी येथील जे. जे. रुग्णालयात केली. ती सुरक्षित आहे, परंतु पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका अल्प असला तरी असतो, आणि काहींना नंतर जुलाबाचा त्रास होतो. ज्याला कधी दुखलेच नाही, त्याने हा धोका कशासाठी पत्करायचा, हे शल्यचिकित्सकांना स्पष्टपणे विचारावे. मनात शंका राहिली तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दुसरे मत घेण्यात काहीच गैर नाही.

खडे विरघळवण्याच्या आशेने पैसे घालवू नयेत. युरसोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या फक्त लहान, कॅल्शियमरहित कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर काही प्रमाणात चालतात. त्या कित्येक महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे जे हिरवे गोळे पडतात, ते खडे नसून त्या तेलाचाच पोटात तयार झालेला साबण असतो. मूतखड्यासाठी सांगितलेली पथ्येही येथे लागू पडत नाहीत.

आहारात पाळायचे ते साधे आहे. जेवणाच्या वेळा नियमित ठेवाव्यात, कारण पोट फार वेळ रिकामे राहिले की पित्त साठून घट्ट होते. श्रावणात किंवा नवरात्रात उपास करायचे असतील तर दिवसभर निर्जळी राहून रात्री एकदम तुपात परतलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवर बसण्याऐवजी अधूनमधून फळे, ताक, राजगिरा असे थोडे थोडे घ्यावे. तेल-तूप पूर्ण बंद करण्याची गरज नाही. भाज्या, डाळी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी वाढवावी. वजन जास्त असल्यास ते आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीनेच उतरवावे, कारण झपाट्याने वजन घटवल्याने नवे खडे होतात आणि जुने त्रास देऊ लागतात. वजन कमी करण्याची इंजेक्शने, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या किंवा फायब्रेट (रक्तातील चरबी कमी करणारी औषधे) सुरू करण्यापूर्वी खड्यांची कल्पना डॉक्टरांना द्यावी. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही आधी बोलून घ्यावे.

काही लक्षणांत मात्र एक रात्रही वाट पाहू नये: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढरट होणे, पाच-सहा तासांनंतरही न थांबणारी कळ, किंवा पाठीत आरपार जाणारे दुखणे आणि सतत उलट्या. पोटाच्या वरच्या भागात दुखण्यासोबत घाम सुटला किंवा दम लागला, तर खड्यांचेच दुखते आहे असे गृहीत धरू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून आधी ईसीजी काढून घ्यावा. सोनोग्राफीच्या अहवालाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे आणि घरातील एकाला तरी ते कुठे आहे हे सांगून ठेवावे, म्हणजे तातडीच्या विभागातील डॉक्टरांना खड्यांची माहिती लगेच मिळेल.